पायानं मोजलेलं पाणी

कॉलिनने गाडी नदीच्या तोंडाशी उभी केली, बूट काढले, मोजे घडी करून बुटात खोचले आणि खुणा कोरलेली आपली काठी हातात घेतली. नदी ओलांडायच्या दगडी फरशीवरून तांबूस पाणी वाहत होतं. खोली दाखवणारा खांब गेल्या पावसाळ्यात वाहून गेला होता.

"थांब की रे तासभर," झाडाखाली बसलेली म्हातारी म्हणाली. मेविस तिचं नाव, पलीकडच्या वस्तीतली. गळ पाण्यात, पण स्वतः काठापासून चांगली पंधरा पावलं मागे. "ओहोटी लागलीय. फरशीचे दगड उघडे पडले की जा खुशाल. चहा ठेवलाय, घे घोटभर."

"तीस वर्षं दक्षिणेच्या डोंगरांतल्या ओढ्यांत गाडी घालतोय मी, मावशी. आधी आपण चालायचं, मग गाडी घालायची. एकदाही बुडाली नाही."

"तिकडच्या पाण्यात कुणी राहत नाही, पोरा. इथल्या पाण्याला मालक आहे."

कॉलिन हसला. पासष्टीत पोरा म्हणणारं कुणी भेटलं म्हणून हसला असेल. शेजारीच पिवळी पाटी होती, तिच्यावर मगरीचा जबडा. ती त्याने वाचली होती. ज्याला सगळं येतं त्याला पाटी काय शिकवणार!

"अरे कॉलिन, ऐक ना त्यांचं!" गाडीतून त्याची बायको ग्लेनिस ओरडली.

"तू आत बस. आणि कशाला हात लावू नकोस."

सात आठवड्यांच्या प्रवासात हे वाक्य तिने रोज ऐकलं होतं. तंबू तिने ठोकायचा, चूल तिने पेटवायची, भांडी तिने घासायची. गाडीच्या स्टिअरिंगला मात्र दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

"जित्याची खोड, मावशी," ती म्हणाली.

मेविस उठून उभी राहिली. "मग मागे बोलाव त्याला. लवकर बोलाव, बाई."

कॉलिन पाण्यात शिरला होता. आधी घोटा, मग पोटरी. निम्म्या फरशीवर तो वळला आणि काठी उंच करून ओरडला, "गुडघाभर! नुसतं गुडघाभर! काय म्हटलं होतं मी?" पुढच्या पावलाला काठी कुठेतरी खड्ड्यात रुतली. दगड निखळलाय का ते बघायला तो वाकला आणि डावा हात त्याने पाण्यात घातला.

पाणी फुटलं. जबडा कोपराजवळ मिटला आणि कॉलिन तोंडावर आपटला. ओरडायलाही त्याला सवड मिळाली नाही. मगरीने अंगाला पीळ दिला, तसा तोही तिच्याबरोबर फिरला, पाय आकाशाकडे, डोकं खाली. दुसऱ्या पिळाला काड् असा आवाज आला. तो काठापर्यंत ऐकू आला. तिसऱ्या पिळाला मगर एकीकडे गेली आणि कॉलिन दुसरीकडे.

मेविसने उकळत्या चहाचं डबडं उचलून भिरकावलं. ते अर्ध्यातच पडलं. "गाडी घाल!" ती किंचाळली. "उतरू नकोस, गाडी घाल!"

ग्लेनिस गिअरवरून घसरत पलीकडच्या सीटवर कधी गेली, तिचं तिलाच कळलं नाही. किल्ली तशीच लटकत होती. एक हात हॉर्नवर दाबून तिने गाडी पाण्यात लोटली, मागचा ट्रेलर हिसके देत मागून आला. समोर नवरा गुडघ्यांवर उभा होता आणि आपल्या हाताकडे बघत होता. मगरीने डोकं वर करून तोंडातलं गिळलं. मग उरलेल्यासाठी ती परत फिरली.

"ये तर खरी, भवाने!" ग्लेनिस ओरडली. आयुष्यात तिने कुणाला शिवी दिली नव्हती.

पुढचा लोखंडी बंपर मगरीच्या बरगड्यांत बसला. चाक कशावर तरी चढलं, मऊ आणि जाड, आणि उतरलं. शेपटीचा तडाखा दिव्यावर बसला, काच फुटली आणि पाणी फरशीच्या खालच्या अंगाला खळबळत गेलं. ग्लेनिसने दार उघडलं, कॉलिनच्या पट्ट्याला धरलं आणि त्याला पोत्यासारखं स्वतःच्या अंगावरून पलीकडच्या, तिच्या सीटवर ओढून टाकलं. एवढं बळ कुठून आलं, देव जाणे.

"वर बांध! कोपराच्या वर!" मेविस मागून ओरडत होती. "दवाखाना वस्तीत आहे! सरळ जा!"

पलीकडच्या चढावर ग्लेनिसने कपडे वाळत घालायची दोरी काढली, दंडाला करकचून बांधली, दातांनी गाठ ओढली. कोपराखाली काही नव्हतं. टॉवेल गुंडाळला तर तो तिच्या डोळ्यांदेखत लाल झाला. ती रडत होती आणि गाडी हाणत होती.

नऊ किलोमीटरवर दुसरा ओढा आडवा आला. पाणी गढूळ, तळ दिसत नव्हता. ग्लेनिसने वेग कमी केला. गाडी मंदावली तसे कॉलिनचे मिटलेले डोळे उघडले. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"थांब," तो पुटपुटला. "आधी मी बघतो."

उतरायला म्हणून त्याने दाराची मूठ धरायला डावा हात पुढे केला. टॉवेलात गुंडाळलेलं टोक काचेवर आपटलं. त्याला कळलं नाही. त्याने पुन्हा मूठ धरायचा प्रयत्न केला.

"बस जागेवर," ग्लेनिस म्हणाली, आणि तिने गाडी पाण्यात घातली. पाणी दारापर्यंत चढलं. पलीकडचा काठ येईपर्यंत ते टोक काचेवर आपटतच होतं.