आपली पाळी शेवटी

निवृत्तीनंतर कर्नलसाहेब अंगणात मोडक्या व्हीलचेअर दुरुस्त करून गरजूंना फुकट वापरायला देत. बायकोचेच गुडघे धरलेले, पाऊल टाकवत नव्हतं. तिला फक्त पुलापलीकडच्या आजारी बहिणीला भेटायचं होतं. पण खुर्ची तयार झाली की दारात कुणीतरी उभंच असे. “जवान जेवल्याशिवाय अधिकारी ताटावर बसत नाही. आपली पाळी शेवटी,” साहेब म्हणत. “मी कधी भरती झाले तुमच्या पलटणीत?” ती हसत विचारायची. आज सकाळी बहीण गेल्याचा फोन आला. साहेबांनी नुकतीच जुळवलेली खुर्ची घाईने आत आणली. “चल, बस. मी नेतो तुला.” तिने नव्या गादीवरून हात फिरवला. “मला तिच्याशी बोलायचं होतं हो. नुसतं बघायचं नव्हतं.” बाहेरून शेजाऱ्याची हाक आली, “साहेब, खुर्ची झाली का?” “झाली, घेऊन जा,” तीच म्हणाली.