निलेरांची बोली

"ही कुठली भाषा, मास्तर?"

फौजदार सयाजीरावांनी मुलांच्या मासिकाचा अंक टेबलावर आपटला. उघड्या पानावर ओळ होती : 'इणका रेत निली, ते गारी इस्ता.'

"निलेरांची," शरच्चंद्र मास्तर म्हणाले. "चंद्रावरच्या माणसांची. माझी गोष्ट आहे ती. गेल्या दिवाळीपासून दर महिन्याला येते."

"आणि हा अंक लोणंद स्टेशनवर पकडलेल्या आकारामच्या गाठोड्यात कसा आला?"

"पोरंसोरं वाचतात, साहेब. तालमीतले गडीसुद्धा वाचतात. मागं शब्दांचे अर्थ छापलेले असतात."

मास्तरांच्या कपाळावर घाम होता. तो सयाजीरावांना बरा वाटला. वाईच्या शाळेतला हा किडकिडीत माणूस दोन धमक्यांत बोलेल, असा त्यांचा होरा होता.

"म्हणजे सांकेतिक लिपी!"

"लिपी नाही. आधी शरीर ठरवायचं, मग आवाज," मास्तर म्हणाले, आणि शाळेत असल्यासारखे खुलले. "निलेरांची जीभ लांब, म्हणून र, ल, ण यांची चंगळ. त्यांना—"

"चंद्रावर हवा नाही म्हणतात. मग आवाज कुठून येतो?"

"हे तिसरीतल्या एका पोरानंही विचारलं होतं. म्हणून मग त्यांना गुहेत नेलं. तिथं थोडी हवा आहे."

सयाजीरावांना हसू आलं आणि आपण हसलो याचा रागही आला. अंक पुण्याहून तपासून आला होता. लेखी शेरा स्वच्छ होता : गुप्त संदेश नाही. छापील गोष्टीत काहीच नव्हतं. जे काही होतं ते आकारामच्या पोटात होतं.

भूमिगतांचा म्होरक्या लालासाहेब मांडीत गोळी घेऊन कुठंतरी पडला होता. कुठं, ते एकट्या आकारामला ठाऊक. त्यानं बाहेर कुणाला कळवलं नाही, तर लालासाहेब जखम चिघळून मरणार. कळवलं, तर ते सयाजीरावांना कळायला हवं. मोठ्या साहेबानं आठ दिवसांची मुदत दिली होती. मार खाऊनही आकाराम हूं की चूं करत नव्हता.

पण सयाजीरावांच्या हातात हुकमाचं पान होतं : हवालदार केरबा.

केरबा ठार बहिरा. पहिल्या लढाईत बसऱ्याला तोफेनं त्याचे कान नेले. त्याच्यासमोर कुणीही बिनघोर बोलायचं. मात्र समोरच्याच्या तोंडाकडं बघून केरबा शब्द न् शब्द टिपायचा, वीस हातांवरून. गेल्या दसऱ्याला पहिली टोळी त्यानंच पकडून दिली, संक्रांतीला दुसरी. कशी, ते बाहेर कुणाला उमगलं नव्हतं. निदान सयाजीरावांची तशी खात्री होती.

मंगळवारी भर दुपारी त्यांनी आकारामला अंगणातल्या लिंबाखाली बसवलं आणि शेजारी मास्तरांना. बाकीचे शिपाई मुद्दाम लांब पाठवले. समोरच्या ओट्यावर केरबा तेवढा तंबाखू मळत बसला.

"कागद तयार होईपर्यंत बसा, मास्तर," असं म्हणून सयाजीराव आत गेले. पाव तास त्यांनी खोलीत येरझाऱ्या घातल्या.

मग मास्तरांना सोडून दिलं आणि केरबाला आत घेतलं.

"काय बोलले?"

"काय न्हाई, सायेब."

"काहीच नाही?"

"एकदा मास्तर म्हनलं, 'ऊन फार आहे.' ह्यो म्हनला, 'व्हय.' मग दोघंबी तोंड वासून बसल्याली. उन्हानं जीव कासावीस झाल्यागत."

"नीट बघत होतास ना?"

"भाकरीची आन, सायेब. पापनी लवू दिली न्हाई."

सयाजीराव मटकन खुर्चीत बसले. मास्तर खरंच निरुपद्रवी होता. पाखरू जाळ्याकडं फिरकलंच नव्हतं.

गुरुवारी खबऱ्या धापा टाकत आला. कृष्णाकाठी, राहीबाईच्या बंद गुऱ्हाळात! सयाजीराव दहा शिपाई घेऊन पोचले. काहिलीमागं चिपाडाचा बिछाना होता, रक्ताच्या चिंध्या होत्या. माणूस नव्हता.

"कधी हलवला?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी दिवस मावळायला, सायेब," खबऱ्या चाचरत म्हणाला. "बैलगाडी घिऊन लोकं आली. कुटं जायचं ते त्यास्नी नेमकं ठावं हुतं. सरळ काहिलीमागंच गेली."

मंगळवारी! त्या दिवशी आकारामजवळ मास्तरांखेरीज चिटपाखरू गेलं नव्हतं. सयाजीरावांनी केरबाला पुन्हा उभा केला, पुन्हा खोदून विचारलं. केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माजी नजर आजवर चुकलीया का, सायेब?"

चुकली नव्हती. सयाजीरावांना रात्रभर झोप आली नाही.

सकाळी ते घराच्या अंगणात भिंतीला आरसा टांगून दाढीला बसले. पोरगी शकुंतला गरम पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"ताता, निली!"

"बाबा म्हण. हे काय ताता?"

"निलेरांना 'बाबा' म्हणताच येत नाही! त्यांच्यात ताताच म्हणतात. परवा शिकवलं होतं ना तुम्हाला? म्हणा बघू : या पाहुणे, चांदणं प्या, अंगण तुमचंच आहे."

लेकीपुढं फौजदारकी चालत नाही. त्यांनी गालाला फेस लावला, वस्तरा उचलला आणि आरशात बघत तिची हौस म्हणून ती ओळ म्हटली,

"इणका रेत निली, ते गारी इस्ता."

वस्तरा गालाशीच थांबला. त्यांनी ओळ पुन्हा म्हटली, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

आरशातल्या फौजदाराचे ओठ जागचे हललेच नाहीत.