कोरा पट्टा

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर दोन उभे पट्टे उमटले. डावा निरोगी स्नायूचा. वरपासून खालपर्यंत काजळी फासल्यासारखा काळा. उजवा तिच्या मेलेल्या भाच्याच्या स्नायूचा. कोरा.

निकामी झालेल्या प्रथिनावर पेशी यूबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवते: हे मोडीत काढा. काळं दिसतं ते त्या चिठ्ठ्यांचं. उजवीकडे एकही नव्हती.

"सापडला दोष!" सरांनी टेबलावर हात आपटला. "चिठ्ठ्या लागतच नव्हत्या पोराला. जन्मापासून. अहो, घबाड हाती आलंय आणि तुमचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं?"

"एकदा बाटली बघून येते, सर."

"बघा. संशयाला औषध नाही."

भाच्याचा स्नायू ज्या द्रावात वाटला, ती बाटली फ्रिजमध्ये होती. झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा भपकारा आला. हा वास ज्याचा, ते रसायन रोजच्या कामात लागतंच. हाताच्या सवयीने तिनेच ते ओतलं होतं. इथे ते चालत नाही. वाटताना चिठ्ठ्या गळून पडू नयेत म्हणून द्रावात जे औषध घालतात, त्याचा ते जागच्या जागी निकाल लावतं. निरोगी स्नायू ते रसायन नसलेल्या जुन्या बाटलीतल्या द्रावात वाटलेला, म्हणून तो काळा. भाच्याच्या चिठ्ठ्या मुळात नव्हत्या की तिच्या हातून गळाल्या, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. होता नव्हता तो तुकडा संपला होता.

बाहेर बाकावर ताई बसली होती. मांडीवर धाकटी लेक झोपलेली.

"कळलं का गं?"

ती ताईच्या शेजारी टेकली.

"एवढंच सांग. सासूबाई येता-जाता ऐकवतात, पोटऱ्या दुखतात म्हणाला तेव्हाच दवाखाना गाठला असतास तर पोर हाती लागलं असतं. माझ्यामुळे गेला का तो?"

"नाही, ताई." आवाज तिचा तिलाच परका वाटला. "दोष जन्मापासूनच होता. रक्तातच. तू काहीही केलं असतंस तरी..."

"देवाशप्पथ?"

"देवाशप्पथ."

ताईच्या तोंडून मोठा सुस्कारा सुटला. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल झाले होते.

मग तिने डोळे उघडले, खाली पाहिलं, आणि झोपलेल्या लेकीच्या पोटऱ्या एकेक करून चाचपू लागली.