पाठीवरचं नाव

पाकीट स्वित्झर्लंडहून आलं होतं. सदानंदांनी ते दुबईत, करामातल्या फ्लॅटच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तळहाताने उगाच पुसलं आणि मुलीला हाक मारली. "सृष्टी, जरा मोबाईल घेऊन ये गं."

आत पातळसं पुस्तक निघालं. त्यांचा मुलगा वरद तिथल्या ज्या गावच्या टीममधून खेळायचा, त्या फुटबॉल क्लबचा नव्वद वर्षांचा इतिहास. सगळा जर्मनमध्ये. वरदच्या मृत्यूला मार्चमध्ये वर्ष झालं. क्लबने त्याच्या घरच्यांसाठी एक प्रत पाठवली होती.

भाषांतरासाठी सृष्टीने पानावर मोबाईल धरला. "सुरुवातीला दहा गवळी आणि एक शाळामास्तर... मग फ्लडमध्ये गोलपोस्ट वाहून गेले... एकदा वरच्या लीगमध्ये चढले, नेक्स्ट इयर परत खाली. बाबा, दे लॉस्ट अ लॉट."

"ते राहू दे. आपल्या वरदचं बघ."

शेवटी खेळाडूंची यादी होती, आडनावांप्रमाणे. सदानंदांनी स्वतःच बोट फिरवलं. कर्णिक कुठेच नव्हतं. पुन्हा फिरवलं.

"तीन वर्षं पाय झिजवले पोराने, अन् साधी एक ओळ नाही?"

"थांबा ना, बाबा." बरंच खाली तिचं बोट अडलं. "हा बघा. सदानंद, वरद. फॉर्मवर आपल्यासारखं लिहिलं असणार, आधी स्वतःचं, मग वडलांचं. पुढचं कर्णिक त्यांनी सोडलं. सिली मिस्टेक."

सदानंदांनी ती ओळ पुन्हा वाचली. दुबई एअरपोर्टवर ते लेकाला शेवटचं म्हणाले होते, 'नोकरी सोडून बॉलमागेच धावायचं असेल, तर माझं नाव लावू नकोस.'

सृष्टीने पान उलटलं. फोटोत वरद पाठमोरा होता, चिखलाने माखलेला. पाठीवर सहा नंबर, आणि वर ठळक अक्षरांत: सदानंद.

"जर्सीवर काय छापायचं," सृष्टी सावकाश म्हणाली, "ते प्लेयरच सांगतो, बाबा."

एसी घरघरत राहिला.

"खाली काय लिहिलंय?"

"लास्ट मिनिटला गोल मारला त्याने. साठेक माणसं होती. बाकांवर चढून त्याचं नाव घेत होती."

"कसं घेत होती?"

तिने मोबाईल बाजूला ठेवला. हलकेच म्हणाली, "सदानंद... सदानंद..."

फोटोतली पाठ काही वळली नाही. सदानंदांनी त्या पाठीवर हात ठेवला आणि ओ दिली.