चांदीचं सुतक

चांदी गाय पहाटे गेली आणि हौसाबाईंनी चूल पेटवलीच नाही. दुसऱ्या दिवशी सुनेचं डोहाळजेवण होतं. सुतक धरलं तर तो बेत मोडणार, आणि न धरावं तर जिच्या दुधावर मुलगा वाढला ती परक्यासारखी जाणार.

"वहिनी, गाईचं कुठं सुतक असतं?" भावकीतले जाणते रामजी ओट्यावर बसून हसले.

हौसाबाईंनी मोबाइल पुढे केला. पहाटेच त्यांनी रक्ताचं नातं तपासायला तो चांदीच्या कानाला आणि मग स्वतःच्या मनगटाला लावला होता. गावात आता कोणीही लावायचं, शेळीला, चिमणीला, अगदी आंब्याच्या झाडालासुद्धा. पडद्यावर आलं होतं: दोघींच्या जनुकांत एकाच जागी नकलेतली एकच जुनी चूक, म्हणजे मूळ आई एकच, नऊ कोटी वर्षांपूर्वीची.

"सख्खी नाही, पण नात्यातली आहे ना? मग दहा दिवस धरू का तीन?"

रामजींनी टोपी मागे सारली. "इतक्या लांबच्याला दिवस नसतात. ऐकलं की नुसती आंघोळ. मग डोहाळजेवण खुशाल करा."

हौसाबाईंचा जीव हलका झाला. त्यांनी मोबाइल रामजींच्या मनगटाला लावून चांदीशी त्यांचं नातं पाहिलं. आकडा तोच आला.

"भावजी, तुम्हीही तिचे तेवढेच जवळचे निघालात. ती गेल्याचं ऐकलंत ना? चला, उठा."

टोपी खुंटीला अडकवून रामजी विहिरीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी डोहाळजेवणाला गावातल्या साऱ्या बायका ओल्या केसांनी आल्या.