'यूज्ड टू'चं वाक्य

पंचवटीतल्या बायकांच्या इंग्रजीच्या वर्गात सायली मॅडमनी 'यूज्ड टू' शिकवलं आणि प्रत्येकीला एकेक वाक्य लिहायला सांगितलं. पन्नाशीच्या कुसाबाई बराच वेळ नुसतं पेन धरून बसल्या. मग एका दमात लिहिलं, 'आय यूज्ड टू फिअर माय हजबंड.'

वही पाहून मॅडम त्यांच्याजवळ वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मावशी, 'यूज्ड टू' म्हणजे पूर्वी व्हायचं, आता होत नाही. तुम्हाला नवऱ्याची भीती वाटते, असं लिहायचंय ना?"

"नाय मॅडम. वाटायची." कुसाबाईंनी वहीतल्या वाक्यावर बोट ठेवलं. "काल त्यांनी हात उगारला, तो मी वरच्यावर धरला. कालपर्यंत हे वाक्य चुकलंच असतं."