रडक्या चेहऱ्यावरची खूण

“खरं तेच लिहा रे. मला बरं वाटावं म्हणून उगीच काहीतरी लिहू नका,” पी.टी.च्या जगदेवीबाई पाचवीच्या पोरांना म्हणाल्या आणि पदरानं घाम पुसत वर्गाबाहेर गेल्या. सोलापूरच्या मार्चमध्ये घाम कुणाला येत नाही?

काव्यानं कागद वाटले. प्रत्येक वाक्यासमोर पाच चेहरे. वाक्य पटलं तर हसऱ्यावर खूण करायची, मुळीच पटलं नाही तर रडक्यावर. नाव लिहायचं नाही. पी.टी.च्या तासाबद्दल पोरांना मनापासून काय वाटतं, ते भरवशानं मोजणारी प्रश्नावली करणं हा तिच्या पीएच.डी.चा विषय होता. शाळा मात्र तिनं मुद्दाम निवडली होती. भवानी पेठेतल्या याच मैदानावर बाईंनी तिला पळायला शिकवलं होतं.

आता तो तासच जायच्या बेतात होता. संस्थेला त्या वेळात स्कॉलरशिपचे जादा वर्ग हवे होते.

“पोरांना आवडतो असं निघालं तर ठेवू तास,” हेडसर वर्गातच, पोरांदेखत म्हणाले होते. “नाहीतर रिटायर होईपर्यंत बाई बसतील वाचनालयात.”

बाईंचा चेहरा एवढासा झाला होता. मैदान म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पोरं आपल्या बाईंना तारणार, याबद्दल काव्याला तिळमात्र शंका नव्हती.

तिनं कागद तपासायला घेतले. ‘मी या तासाची वाट बघतो’, रडका चेहरा. ‘या तासाला मजा येते’, रडका. बहुतेक सगळ्यांचं तेच.

कार्टी न वाचताच खुणा करत असतील, म्हणून तिनं वाक्यं उलटी केली. ‘हा तास मला नकोसा वाटतो’ असं विचारलं. हसरे चेहरे! पंधरवड्यानं पुन्हा कागद दिले. तसूभर फरक नाही.

“वा! इतकी विश्वासार्ह प्रश्नावली मी उभ्या नोकरीत पाहिली नाही,” तिचे गाईड म्हणाले. काव्याला मात्र रडू यायचं बाकी होतं.

ती तास बघायला गेली. मैदानाला एक फेरी होते न होते तोच दिपाली नावाची चुणचुणीत पोर लिंबाखाली फतकल मारून बसली.

“बाई, दमलो आमी. तुमी पण बसा की!”

तिच्यामागून अख्खा वर्ग बसला. मधल्या सुटीत हीच दिपाली जिन्यावरून उड्या टाकत होती. म्हणजे खेळायला हवं, पण बाईंचा तास नको. काव्याला पोरांचा रागच आला.

“कुणी पढवलं तर नसेल यांना?” तिनं बाईंना विचारलं.

“पढवलं असतं तर एव्हाना पेठभर झालं असतं. पोरांच्या तोंडात तीळ भिजत नाही गं.” बाई हसल्या, पण डोळे भरले होते. “नसेल आवडत त्यांना. तू खरं तेच दे.”

अहवाल द्यायच्या दिवशी काव्या हेडसरांच्या खोलीबाहेर थांबली होती. दिपाली तिथंच घुटमळत होती. गळ्यात बाईंची शिट्टी. बाईंनी सकाळीच ती तिला देऊन टाकली होती.

“ताई, तास बंद होनार न्हवं?”

“होणार. नकोच होता ना तुम्हाला?” काव्या फटकन म्हणाली.

दिपालीनं शिट्टी मुठीत घट्ट धरली.

“आमाला तर लई आवडतो, ताई.”

“मग गं?”

पोरीनं इकडंतिकडं पाहिलं आणि काव्याच्या कानाशी आली.

“आमाला पळवताना बाई छातीला हात धरून खाली बसत्यात. कुनाला सांगायचं न्हाय म्हनल्यात. वाचनालयात खुर्ची हाय, पंखा हाय की.”